बाहेर गेलेली गाडी

"एक तर मला वेड लागलंय, नाहीतर माझी बायको येऊन जातेय," चष्मेवाले काका म्हणाले. "दोन्हींपैकी खरं काय, तेवढं शोधून द्या. रविवारच्या आत."

ताईने मान डोलावली, जणू समोरचा माणूस नळ गळतोय म्हणून सांगत होता. शेजारी बसलेल्या ढब्बूच्या हातातला पाण्याचा पेला मात्र तसाच राहिला.

ढब्बू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. ताई पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातात चेपलेल्या गाड्या तपासायची. आता ती लोकांची कोडी सोडवायची. ढब्बू तिची गाडी चालवायचा आणि वाटेत अंदाज बांधायचा. त्याचा अंदाज चुकला की निदान एक वाट बंद झाली, असं ताई म्हणायची.

काकांनी सांगितलं ते असं. बायको गेल्यावर तिची छोटी गाडी दारात बघवेना, म्हणून त्यांनी ती भंगारात दिली. यंत्राखाली तिचा चपटा गोळा होताना स्वतः उभं राहून पाहिलं. तो भंगारवाला नंतर धंदा बंद करून गेला. आणि आता दोनेक महिन्यांपासून काकांच्या फोनवर अधूनमधून निरोप यायचा: आपली गाडी बाहेर गेली. नंबर बायकोच्या गाडीचा.

वसाहतीच्या फाटकावर नंबर वाचणारे कॅमेरे होते. गाडी आत आली की एक निरोप, बाहेर गेली की दुसरा.

लेकीचं म्हणणं वेगळं होतं. बाबांनी गाडी मोडलीच नाही, कुठेतरी दडवून ठेवलीय, चालवतात आणि विसरतात. त्यातून एकदा ती अचानक आली, तर ओट्यावर चहाचे दोन कप मांडलेले. तेव्हा तिने ठरवून टाकलं. रविवारी घराला कुलूप लावायचं, बाबांच्या गाडीची किल्ली आपल्याकडे घ्यायची आणि त्यांना आपल्या घरी न्यायचं.

"दोन कप कुणासाठी होते?" ताईने विचारलं.

काका चष्मा पुसत बसले.

ताई उठून घरभर फिरली. गाडी ठेवायची खोली झाडून लख्ख केलेली होती. काका म्हणाले, बायको गेल्यावर लेकीनेच एका दुपारी सगळी अडगळ काढली. बाहेरच्या खोलीत खिळ्याला एक नंबर प्लेट टांगलेली होती. मोडीत देण्याआधी गाडीच्या प्लेटी काढून घेतल्या होत्या, त्यातली ही.

"निरोप येतो त्या दिवशी तुम्ही काय करत असता?"

"डुलकी काढत असतो. म्हणजे, काढायला बघत असतो. त्या दिवशी नेमकी कुंपण कापायच्या यंत्राची घरघर असते. झोप उडते, आणि मग हा निरोप."

बाहेर आल्यावर ढब्बू म्हणाला, "काकाच चालवत असणार. बिचारे."

"एक वाट बंद झाली," ताई म्हणाली.

सेक्रेटरीची खोली फाटकाला लागून होती. तो खुशीत होता. आपलं यंत्र बघायला कुणी आलं की तो खुशीतच असायचा. त्याने सगळं समजावून सांगितलं. आत येणाऱ्या गाडीची पुढची प्लेट एक कॅमेरा वाचतो. बाहेर जाणाऱ्या गाडीची मागची प्लेट दुसरा. शेजारच्या दोन वसाहतींचे कॅमेरेही याला जोडलेत, त्यामुळे आपली गाडी तिकडे गेली तरी इथे कळतं.

"आणि फोटो?"

"फक्त नंबराएवढा तुकडा ठेवतो. चेहरा नाही, गाडी नाही. लोकांच्या खासगीपणाचा प्रश्न असतो ना."

त्याने काकांच्या बायकोच्या नंबराचे तुकडे पडद्यावर लावले. प्रत्येकात प्लेट एका बाजूला कललेली. एकात वरच्या कडेवर हिरवं पान आलेलं.

ताईने विचारलं, ही गाडी आत कधी आली? सेक्रेटरीने शोधलं, पुन्हा शोधलं, आणि त्याची खुशी ओसरली. गाडी कितीदा तरी बाहेर गेली होती. आत एकदाही आली नव्हती.

ढब्बूचं डोकं गरगरलं. घरात एकच मांजर असावं आणि ते रोज बाहेर जावं, पण परत कधीच येऊ नये, तसं हे झालं. त्याने बोटांवर मोजून पाहिलं, तरी जमेना. "आत कुठेतरी अशा पुष्कळ गाड्या असतील," तो हळूच म्हणाला.

"बाई गेल्या, मग त्यांचा नंबर यादीत कसा?" ताईने विचारलं.

"घरच्यांनी सांगितलं तरच काढतो. काकांनी काही सांगितलं नाही."

"आणि निरोप कुणाकुणाला जातात?"

"कमिटीने परवानगी दिली असेल त्यांना," सेक्रेटरी म्हणाला आणि त्याला एकदम दुसरं काम आठवलं.

माळी मागच्या गल्लीत भेटला. त्याची हातगाडी भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि ढब्बूने तिच्या दांडीवर गुडघा आपटून घेतला. माळ्याला कमिटीवर बोलायला कुणीतरी हवंच होतं. वसाहतीचं मागचं दार यांनी बंद केलं दोन महिन्यांपूर्वी. तेव्हापासून कापलेला पाला पुढच्या फाटकातून ओढत न्यायचा, रस्त्यापलीकडे टाकायचा. आणि गाडी बघा. मागची फळी कुजली तर नवी देत नाहीत, मिळेल तो पत्रा ठोकून चालवतोय.

ढब्बू गुडघा चोळत होता. ताईने माळ्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. माळी हसला.

संध्याकाळी लेक आली. दमलेली होती, पण ताठ बसली. ताईला तिने सरळ सांगितलं की बाहेरच्या माणसांनी यात पडायची गरज नव्हती.

"तुम्हाला काळजी वाटते," ताई म्हणाली.

"नाही वाटणार? ती गाडी राहू द्या. स्वतःची गाडी घेऊन दर आठवड्याला इस्पितळाच्या बाजूच्या वसाहतीत जातात. काय काम आहे तिथे? आई काही तिथे बसलेली नाही."

काकांनी मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

लेकीने पर्स जवळ ओढली. ताईने खिडकीतून हात हलवला.

बाहेर चाकांचा खडखड आवाज लांब जात गेला. थोड्या वेळाने काकांचा फोन वाजला. त्यांनी फोन लांब धरून वाचलं. "बाहेर गेली."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. लेकीच्या पर्समध्ये.

ढब्बूने आधी एका फोनकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग ताईकडे. त्याला एकाचंही काही कळलं नव्हतं.

"आत्ता फाटकातून कोणतीही गाडी गेली नाही," ताई म्हणाली. "माळी पाला घेऊन गेला. गाडीला नंबर प्लेटी दोन असतात, पुढे एक, मागे एक. इथे खिळ्याला एकच आहे. काकांनी दोन्ही काढल्या होत्या. दुसरी कुठे गेली?"

काकांना आठवेना. लेकीने मात्र हळूहळू हात तोंडावर नेला.

"गाडीच्या खोलीतली अडगळ तुम्ही कुणाला दिली होती?"

"माळ्याला," लेक म्हणाली. "डबे, फळ्या... एक पत्रा होता."

"तो त्याने हातगाडीच्या मागे ठोकला. एकच खिळा नीट बसला, म्हणून तिरका. ढीग जास्त झाला की पाला वरून लोंबतो, म्हणून फोटोत पान. हातगाडी तो पुढून ओढतो. बाहेर जाताना तिची पाठ कॅमेऱ्याकडे असते. आत येताना समोर माळीच असतो, आणि माळ्याला नंबर नाही. म्हणून ती नुसती बाहेर जाते. कुंपण कापतात त्याच दिवशी जाते. आणि मागचं दार बंद झालं तेव्हापासूनच जाते."

ढब्बूने गुडघ्याला हात लावला. त्याच गाडीवर आपटला होता तो.

"म्हणजे बाबा विसरले नव्हते," लेक म्हणाली. "विसरले मी."

"तसंच. आणि दुसरा फोन का वाजला, ते तुम्ही सांगा. मी सांगणं बरं नव्हे."

लेक खाली बघत बोलली. आई गेल्यावर बाबा एकटे, म्हणून तिने सेक्रेटरीला सांगून दोन्ही गाड्यांचे निरोप स्वतःच्या फोनवर घेतले होते. बाबा कधी निघाले, कुठे वळले, किती वेळाने परतले. विचारलं तर ते ठीक आहे म्हणतात. मग विचारणंच सोडलं.

काकांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, इस्पितळाजवळच्या वसाहतीत एक झाड आहे. इस्पितळात हिच्यावर उपचार चालायचे तेव्हा मी गाडी त्याखाली लावून थांबायचो. अजून थांबतो. बाकी काही नाही.

"आणि दोन कप?" ताईने विचारलं.

"पूर्वी ती बाहेर गेल्याचा निरोप आला की मी कप काढून ठेवायचो. आत आल्याचा आला की चहा टाकायचा, अशी सवय." त्यांनी फोन पालथा ठेवला. "इतक्या महिन्यांनी तो निरोप आला, तर हात आपोआप गेले. बाहेर गेलेलं माणूस परत येतं, असंच वाटतं ना. मग आत आल्याच्या निरोपाची वाट बघत बसायचो. म्हणून सेक्रेटरीला नंबर काढायला सांगितला नाही."

दारात खडखड झाली. माळी परत आला होता. कुणाचाच फोन वाजला नाही. त्याने विचारलं, पत्रा काढून देऊ का?

"राहू दे," काका म्हणाले. "तुझी फळी परत मोडेल. नंबर मी यादीतून काढायला सांगतो."

लेकीने फोन काढला आणि सेक्रेटरीला लावला. आपल्याला येणारे निरोप बंद करा, म्हणाली. सगळे. रविवारचं काही ती बोलली नाही, आणि काकांनीही काढलं नाही.

काका उठले, ओट्याशी गेले. आधण ठेवलं. फडताळातून दोन कप काढले. ढब्बू आशेने सरसावून बसला, तर ताईने त्याचा दंड धरून त्याला उभं केलं.

"बाबा," लेकीने जपून विचारलं, "दुसरा कुणाचा?"

"तुझा," काका म्हणाले. "मी कुठे जातो, काय करतो, ते आता चहा पिता पिता विचार."