चाळीस पावलं

मास्तरांचं सगळं घड्याळाच्या काट्यावर. तीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर दर वसंतात खाडीकाठच्या पाणथळीवरची पाखरं मोजायचं काम अंगावर घेतलं. मोजायची रीतही ठरलेली. मास्तर दुर्बिणीतून बघून आकडा बोलणार, बायको पाठमोरी बसून वहीत लिहिणार. पाठमोरी अशासाठी, की तिला पाखरं दिसली की ती कौतुकच करत बसायची आणि आकडा राहायचा बाजूला.

गेल्या वसंतात दोऱ्यात पाय अडकलेलं एक पाखरू सोडवायला ती चिखलात उतरली आणि भरतीनं तिला नेलं. ती सापडलीच नाही. "हट्टी होती. मला न विचारता गेली," असं मास्तरांनी झाडून सगळ्यांना सांगितलं.

खरं तर तिनं विचारलं होतं. मास्तरांनी भरतीचं वेळापत्रक उघडलं आणि चुकून दुसऱ्या दिवसाची ओळ वाचली. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. "तासभर आहे अजून, जा," ते म्हणाले. होता फक्त पाव तास.

यंदा वही घेऊन मेहुणी आली. रुग्णालयात नर्स, आणि तोंडानं फटकळ. "भावोजी, मी काही पाठमोरी बसायची नाही हं. ताई बसली, तिचं तिच्यापाशी."

बांधाच्या टोकाला फळ्यांची एक खोली होती, समोर बघायला आडवी फट. सकाळचे नऊ वाजले होते. ओल्या चिखलाचा आंबूस वास येत होता. खोलीसमोर नखाएवढे लाल खेकडे बिळांबाहेर फिरत होते आणि त्यापलीकडे तुतवार, चिखले, हजारो पाखरं अंगाला अंग लावून उभी होती. परतीच्या प्रवासाआधी खाऊन खाऊन गोल झालेली.

"एवढी लांब का बसतात?" मेहुणीनं विचारलं.

"माणसापासून चाळीस पावलं. त्याच्या आत माणूस आला की उठलीच."

तिनं दुर्बीण ओढून घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. "मग तिथं कोण बसलंय?"

थव्याच्या मधोमध एक मोकळी जागा होती. अगदी गोल. आत नुसता चिखल, ना ससाणा, ना लाकडाचा ओंडका. मास्तरांनी उगाच डोळे पुसले. "खोलगट असेल," ते म्हणाले. पण चोराच्या मनात चांदणं! त्यांनी मनातल्या मनात त्या गोलाची रुंदी मोजली. ऐंशी पावलं. मधून कडेपर्यंत चाळीस.

साडेनऊला भरती सुरू झाली, तशी पाखरं पाण्यापुढे सरकत काठाकडे येऊ लागली. गोलही आला. एखादं पाखरू चुकून आत उतरायचं आणि चटका बसल्यासारखं उडायचं.

"चारशे वीस," मास्तर म्हणाले. मेहुणीनं लिहिलं नाही.

"भावोजी, जवळ येतंय ते."

दहाला थवा दोन्ही बाजूंना फाटला. मधे कोरा चिखल, थेट खोलीपर्यंत.

मग खेकडे बिळांत जायला लागले. आधी लांबचे, मग अलीकडचे. ओळीनं.

अगदी खोलीपाशी उरलेला शेवटचा खेकडाही बिळात गेला. वाराही नव्हता.

मेहुणीचा आवाज अगदी खाली आला होता. "खरं सांगा. ताईनं तुम्हाला वेळ विचारली होती का?"

मास्तर फटीतून बाहेरच बघत राहिले. आत्ता सांगितलं असतं तर सुटले असते बिचारे. पण वर्षभर घोकलेलंच तोंडातून निघालं. "नाही. न विचारता गेली."

खोलीच्या छपरावर मघापासून किलबिलत असलेली चिमणी भुर्रकन उडाली.

परतताना मेहुणी बांधावरून तरातरा पुढे गेली. मास्तर मागे. काठावरची पाखरं त्यांना बघून उठायची आणि ते पुढे गेले की पुन्हा बसायची. नेहमीचंच. एकदा त्यांनी वळून पाहिलं. मागे बसलेली पाखरं पुन्हा उठत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीनं अंगणात तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी दाण्यांची थाळी ठेवली. बायकोच्या हातून वाढलेल्या चिमण्या, अगदी पायाशी येणाऱ्या. आज एकही खाली उतरेना. गल्लीपलीकडच्या तारेवर सगळ्या रांगेनं बसून होत्या. मास्तरांना अंतर मोजायची गरज नव्हती.

"चूक माझी होती गं," ते शेवटी म्हणाले. रडू आवरेना. "उद्याची ओळ वाचली मी. तू विचारलं होतंस."

चिमण्या हलल्या नाहीत. आणि मास्तरांच्या लक्षात आलं, की त्या त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. शेजारी तिची खुर्ची होती, नेहमीसारखी पाठमोरी. तिच्याकडे बघत होत्या.