भेगेवरची काच

"अहो, हात काढा! त्या भिंतीला टेकू नका!"

मी शिडीवरून एवढ्या जोरात ओरडले, की खाली उभा असलेला तो दचकून मागे सरकला... आणि चक्क हसला.

"एवढी नाजूक आहे? मग माझं काम सोपंच झालं."

"तुमचं कसलं काम?"

"पाडकाम."

झालं! साबणाच्या या जुन्या कारखान्यावर टपून बसलेला ठेकेदार तो हाच. आणि मी, तो वाचवायला जिवाचं रान करणारी इंजिनीअर. मालकीणबाईंनी अट घातली होती – भिंतीच्या भेगेवर चिकटवलेली काचेची पट्टी महिनाभर शाबूत राहिली, म्हणजे भिंत हलत नाही. मग इथे वाचनालय. तडकली, तर बुलडोझर.

मग तो रोज यायला लागला. मापं घ्यायला म्हणे!

"खोलीची मापं रोज बदलतात वाटतं?"

"खोलीची नाही हो... तुमच्या कपाळावरच्या आठ्यांची."

आगाऊ कुठला! पण ऊन तापून भिंतींना साबणाचा वास सुटला, की माझे कान त्याच्या बुटांच्या आवाजाकडे लागायचे. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

शेवटच्या दिवशी मालकीणबाई आल्या, आणि बघते तर काय... काचेचे दोन तुकडे! माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"काम तुम्हाला दिलं," त्या त्याला म्हणाल्या.

त्याचं पहिलं मोठं काम! पण याचे कान लालबुंद.

"बाई... काच भिंतीमुळे नाही फुटली. सकाळी माझं कोपर लागलं. भेगेशेजारच्या खिडकीत चढलो होतो."

"खिडकीत? कशाला?"

"ही... खाली अंगणात केस बांधत होती."

मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मी? रडण्याच्या नादात मोजायचंच विसरले होते! धावत जाऊन भेगेच्या दोन्ही बाजूंना मी पहिल्याच दिवशी ठोकलेल्या खिळ्यांमधलं अंतर मोजलं. केसभरही फरक नव्हता! भिंत ठणठणीत होती, मालकीणबाई 'वाचनालय' म्हणाल्या आणि मी तिथल्या तिथे उडी मारली.

त्या गेल्यावर तो पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी टेकले.

"काम गेलं ना रे तुझं?"

"गेलं. आता रोज यायला कारणही नाही..."

"वेडा आहेस," मी त्याचा हात घट्ट धरला. "मला आवडतोस तू. कारणाशिवाय ये."