एक्केचाळिसावं दार

पटो न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत. मंगळवारी, भर दुपारी अडीच वाजता. भुताखेतांना अंधार लागतो असं समजणाऱ्यांनी तेवढी वेळ लक्षात ठेवावी.

ताई कॉम्प्युटरवर इमारतींची मॉडेलं बनवते. त्यात दारं-खिडक्या दर वेळी नव्याने काढत नाहीत. एकदाच एक दार नीट बनवायचं, त्याला रुंदी, उंची, जाडी अशी बदलती मापं द्यायची आणि तेच दार प्रत्येक इमारतीत वापरायचं. अशा तयार भागाला त्यांच्याकडे 'फॅमिली' म्हणतात.

"घरची फॅमिली ऐकत नाही, ही तरी ऐकते," असं ताई नेहमी म्हणायची.

ताईच्या ऑफिसात सगळे वापरत ते दार बनवलं होतं तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याने, सगळ्यांच्या 'दारवाल्या काकांनी'. कमालीचा काटेकोर माणूस. मापं तपासताना पेन्सिल टेबलावर आपटायची त्यांना सवय.

टक टक... टक.

गेल्या वर्षी काका वारले. दार मात्र सगळ्या फायलींत राहिलं.

त्या मंगळवारी ताईकडे ते दार साफसूफ करायचं काम आलं. तिला पसारा अजिबात खपत नाही. मापांच्या यादीत, अगदी तळाशी, तिला एक छोटा चौकोन दिसला. नाव होतं 'बंद'. त्यात बरोबरची खूण केलेली.

तिने सगळं तपासलं. तो कुठल्याच मापाला जोडलेला नव्हता, कुठल्याच सूत्रात नव्हता.

"राहू दे की," शेजारचा सहकारी म्हणाला. "काका उगाच काही ठेवायचे नाहीत."

"काका गेले. आता हे कुणासाठी ठेवायचं?"

ताईने 'बंद' काढून टाकलं. सुधारलेलं दार हातातल्या कामात घातलं. शाळेची इमारत होती. दारांची यादी आपोआप बदलली.

मघाशी दारं चाळीस होती.

आता... एक्केचाळीस.

तिने नकाशावर बोट ठेवून मोजली. चाळीसच भरली. जास्तीचं दार कुठल्याच चित्रात दिसेना.

यादीत प्रत्येक दारासमोर दोन रकाने असतात. कुठून आणि कुठे. म्हणजे दार कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत उघडतं.

एक्केचाळिसाव्या दारासमोर 'कुठून' रिकामं होतं.

'कुठे'मध्ये लिहिलं होतं... 'चिमीची खोली'.

चिमी म्हणजे ताईची पाच वर्षांची लेक. ताईने एकदा सरावासाठी स्वतःच्या घराचं मॉडेल केलं होतं, हेच दार वापरून. खोलीचं ते नाव त्यातलं. पण ती फाइल घरच्या लॅपटॉपवर होती. ऑफिसात ती कधी आलीच नव्हती.

ताईने सासूबाईंना फोन लावला.

"आई, चिमी कुठेय?"

"खोलीत खेळतेय. अगं, शेजारी कुणाचं काम चाललंय का? मघापासून भिंतीत टकटक होतेय."

"कुठल्या भिंतीत?"

"खिडकीशेजारच्या."

ती बाहेरची भिंत. घर आठव्या मजल्यावर. पलीकडे नुसती हवा.

सासूबाई बोलत बोलत खोलीपाशी गेल्या असाव्यात, कारण आता ताईलाही ऐकू आलं.

टक टक... टक.

टक टक... टक.

मग ते थांबलं.

आणि बिजागरी कुरकुरल्यासारखा एक लांबलचक आवाज आला.

"आई, तिला बाहेर आणा. आत्ताच्या आत्ता."

बोलता बोलताच तिने 'बंद' नावाचा चौकोन पुन्हा बनवला, खूण केली, दार परत फाइलमध्ये घातलं.

यादीत चाळीस.

"आणली बाबा बाहेर," सासूबाई म्हणाल्या. "एवढं काय झालं?"

ताई पंधरा मिनिटांत घरी पोचली. भिंत जशीच्या तशी होती. साधी चीरही नाही. चिमी सोफ्यावर बिस्किट खात बसली होती. तिला कवटाळून ताई रडली. देवाने वाचवलं, एवढंच तिच्या मनात होतं.

"आई, दार तू लावलंस?" चिमीने विचारलं.

"हो गं राजा. लावलं मी."

"मग ते आता परत कसे जाणार?"

ताईने ती खूण अजून काढलेली नाही. काढली तर आत आलेलं जाईल, की आणखी कुणी येईल? सांगू शकले असते ते काकाच.

परवा मी ताईकडे गेलो होतो. चिमी आता तिच्याजवळ झोपते, खेळणी मात्र जुन्याच खोलीत आहेत. आमचा डोळा चुकवून ती बाहुली आणायला निघाली. ताई धावलीच, पण त्याआधी चिमीने आपल्याच रिकाम्या खोलीच्या दारावर टकटक केली.

आणि थांबली.

मग मान डोलावून आत गेली.