टेकडीवरच्या बायका

माकुळं धरायची तर ऊन कलल्यावर निघावं. त्या दिवशीही मी आणि पत्रोस उकडलेला कप्प्याचा कंद आणि मासा खाऊन, वर काळा चहा घेऊन निघालो. होडी पत्रोसची, आणि तिच्यातली बडबडही त्याचीच. एकमेकांना आम्ही लहानपणापासून अळिया म्हणायचो, म्हणजे मेव्हणा. नातं काही नाही, नुसती माया.

आमच्याकडं समुद्रातली जागा जमिनीवरून ओळखतात. माकुळांचा खडक पाण्याखाली, तो दिसणार कसा? तर चर्चचा क्रूस आणि त्याच्या मागच्या टेकडीचा माथा एका रेषेत आला की नांगर टाकायचा. बापजाद्यांनी तेच केलं. मग नव्या कंटेनर टर्मिनलचं ठरलं. लाटा अडवायला समुद्रात बांध हवा, बांधाला दगड हवा, आणि टेकडी समोरच होती. सुरुंग लागले, लॉऱ्या लागल्या आणि बघता बघता अख्खी टेकडी पाण्यात गेली. तिच्या जागी आता सपाट मैदान आहे, भोवती उंच भिंत आणि आत निळ्या क्रेन.

"जन्मभर पाण्याकडं बघत उभी होती बिचारी," पत्रोस म्हणायचा. "शेवटी नेली एकदाची पोहायला."

टेकडी गेली त्याचं बायकांना जास्त लागलं. होडी परतायला उशीर झाला की त्या घरची बाई टेकडीवर जाऊन उभी राहायची. समुद्रावरच्या इतर होड्यांना ती दिसली की कळायचं, कोणाचा माणूस आलेला नाही, आणि त्या शोधायला वळायच्या. इतक्या लांबून चेहरा कुठला दिसायला? पण आपल्या गावातली बाई उभी कशी राहते ते आपल्याला माहीत असतं.

त्या दिवशी खडक मोबाईलवर शोधला आणि गळ सोडले. दिवस बुडायला आला तशी किनाऱ्यावरची टर्मिनलच्या बांधकामाची ठोकाठोक थांबली. एवढी वर्षं तो आवाज कानात बसलेला, तो थांबला की कान दुखतात. वारा जमिनीकडून यायला लागला. वाऱ्याला वाळल्या गवताचा आणि शेळ्यांचा वास होता. शेळ्या टेकडीवर चरायच्या. टेकडी गेल्यावर लोकांनी त्या विकून टाकल्या होत्या.

"अळिया," पत्रोस हळूच म्हणाला, "चर्चच्या मागं बघ…"

मागं टेकडी होती. पूर्ण, जशी होती तशी, माथ्यावरच्या काजूच्या झाडासकट. आणि झाडाशेजारी दोन्ही हात कमरेवर ठेवून थ्रेसिया उभी होती, पत्रोसची बायको. अशी ती फक्त त्याला फैलावर घेताना उभी राहते.

"ही कोणाची वाट बघतेय?" पत्रोस हसला. "मी तर इथं आहे…"

 पण पुढं तो हसला नाही. क्रेनवरचे दिवे लागले तेव्हा टेकडी नव्हती.

घरी पोचलो तर थ्रेसिया मासे तळत होती. "टेकडीवर? मी? उडत गेले की काय?" ती म्हणाली. "दोघं पिऊन आलाय. हात धुवा आणि बसा गुमान."

तो आठवडा सरायच्या आत बांधाच्या तोंडाशी आमची होडी उलटली. बांध झाल्यापासून तिथं लाट कुठून उठेल याचा नेम राहिलेला नाही. मी बाहेरच्या बाजूला फेकला गेलो. पत्रोस दगडांच्या बाजूला गेला, आणि ते दगड टेकडीचेच होते.

त्याच्या मरणानंतरच्या प्रार्थना आटोपल्यावर मी पुन्हा समुद्रावर गेलो, त्याच्या भावाच्या होडीत. पोटाला कुठं सुतक असतं? तोच खडक, तीच वेळ. बाकीचे गळाकडं बघत होते. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण वाऱ्यावर शेळ्यांचा वास आला आणि मान आपोआप वळली. टेकडीवर माझी फिलोमिना होती. डोक्यावर मासळीची पाटी नसली तरी एक हात वर धरायची तिला सवय आहे. तसाच हात वर धरून ती माझ्याकडं… म्हणजे समुद्राकडं बघत होती.

माझी पाचावर धारण बसली. घरी येऊन मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सरळ टर्मिनलच्या कचेरीत गेलो. टर्मिनलनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी द्यायची असं ठरलं होतं. आमच्या घरची नोकरी माझ्या मुलाला, ज्यूडसनला मिळणार होती. ती मी माझ्या नावावर करून घेतली. काम सोपं. नारिंगी जाकीट घालून फाटकापाशी उभं राहायचं आणि कंटेनरच्या गाड्यांना शिट्टी मारून रस्ता दाखवायचा.

फिलोमिना चिडली. "पोराच्या तोंडचा घास काढून घेतलात. या वयात शिट्टी वाजवायची हौस आली होय?"

ज्यूडसन मात्र हसला. "राहू दे ग, अम्मा. अप्पांना शोभतंय जाकीट. त्या पेट्यांमध्ये माझा जीव नसता रमला." आणि पत्रोसच्या भावाच्या होडीत माझी जागा रिकामी होती, तिथं तो जाऊ लागला.

खोटं कशाला सांगू, मी सुखात होतो. मृत्यूला चकवलं असं वाटायचं. पाय जमिनीवर, झोप रात्रीची. टेकडीवर बाई दिसली तर दिसली, ज्याची वाट बघायची तो माणूसच आता समुद्रावर जात नव्हता.

गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर सगळ्या होड्या किनाऱ्याला लागलेल्या, एक सोडून. फिलोमिनानं पाटी खाली ठेवली, हात धुतले, पदर सारखा केला आणि ती निघाली.

"कुठं चाललीस?"

"टेकडीवर."

"फिलो, टेकडी नाही आता…"

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई नवऱ्यासाठी उभी राहते, तशी मुलासाठीही उभी राहते. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. माझी जागा मीच त्याला रिकामी करून दिली होती. मी तिच्यामागं धावलो. रस्ता बंदराच्या भिंतीपाशी संपतो. भिंतीला तिथं दार नाही. पहाऱ्यावरचा वर्गीस एकटाच खुर्ची टाकून बसला होता.

"फिलोमिना इकडं आली का रे?"

"कोणी नाही आलं, चेट्टा." मग तो उठून उभा राहिला आणि वर बघायला लागला. "पण चेट्टा… तिथं वर कोण बोलतंय?"

वर काहीच नव्हतं, नुसतं आभाळ. आणि त्या आभाळातून, टेकडीचा माथा जिथं असायचा तिथून, फिलोमिनाचा आवाज आला. रोज जेवायला हाक मारते तशी तिनं हाक मारली.

"ज्यूडसा… ये रे बाळा, पान वाढलंय…"

काही क्षण नुसता लाटांचा आवाज होता. मग समुद्राकडून, अगदी स्वच्छ, माझ्या पोराचा आवाज आला.

"आलो, अम्मा."

होडी अजून मिळालेली नाही. काल सकाळी इंजिनाचं झाकण तेवढं बांधाच्या दगडांत अडकलेलं सापडलं. त्या हाकेच्या रात्री मी परतलो तेव्हा फिलोमिना माझ्याआधी घरी होती, चुलीपुढं. कुठं गेली होतीस विचारलं तर म्हणाली, जाणार कुठं, इथंच तर आहे. ती रडत नाही. थ्रेसिया येऊन गळ्यात पडून रडली, तर तिलाच म्हणाली, "रडतेस कशाला? तो 'आलो' म्हणालाय ना."

रात्र झाली की ती दार उघडं टाकून बसते. मी उठतो आणि कडी लावतो. माझाच मुलगा, एकुलता एक, आणि मी कडी लावतो. ती उठते आणि कडी काढते.