क्लीटाच्या तळघरातला हात

कॅन्ससच्या माळावर त्या दुपारी मार्लिस होवलंडला फक्त एक फुगा सोडायचा होता. फुग्याला यंत्र बांधायचं, ढगाच्या पोटात काय शिजतंय ते मोजायचं आणि मग गावात जाऊन जेवायचं. उन्हाळा लागल्यापासून ती अशीच वादळांच्या मागे हिंडत होती. घर दूर, ओक्लाहोमात. तिथे नवरा रस आणि पाच वर्षांची जूनी. फोनवर जूनीचा रोज एकच प्रश्न असायचा, "आई, तुझं वादळ संपलं का गं?"

फुगा वर गेला आणि वारा एकाएकी पडला. आभाळ कळकलेल्या पितळेसारखं हिरवट झालं. गव्हाचं एक पातंही हलेना.

"मार्लिस, चल," तिचा सहकारी ओडेल म्हणाला. "आपण वादळ शोधायला आलो होतो. आता तेच आपल्याला शोधतंय."

थोडं अंतर गेले तोच गारांनी गाडीची काच फुटली. रस्त्याकडेच्या एका घराशी एक म्हातारी तळघराचं दार धरून ओरडत होती, "अरे, बघत काय बसलात? आत या, आत!"

तिनं आतून कडी घातली. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. ओल्या मातीचा, रॉकेलचा, कोंब फुटलेल्या बटाट्यांचा वास. डोक्यावरून टॉर्नेडो जायला लागला तशा भिंती दातांसारख्या कडकडल्या.

तेवढ्यात मार्लिसच्या हातात एक चिमुकला हात शिरला. गारठलेला, दमट. म्हातारीची नात असणार, तिला वाटलं. "घाबरू नको हं, बाळा," ती पुटपुटली. चिमुकल्या बोटांनी तिची बोटं घट्ट आवळली.

आवाज विरला. म्हातारीनं दार उघडलं. उजेडात तिघंच होती.

"तुमची नात कुठे गेली?" मार्लिसनं विचारलं.

"नात? माझं लग्नच झालं नाही, पोरी." म्हातारी थबकली. क्लीटा तिचं नाव. तिनं स्वतःच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "तुझा धरला होय आज?... माझ्या जन्माआधी या घरातली एक पोर वादळात दाराबाहेर राहिली. तेव्हापासून वादळ आलं की आत येते, माझा हात धरून बसते." मग तिनं आवाज खाली आणला. "वर येताना तिनं हात सोडला ना?"

मार्लिसला काही केल्या आठवेना. "सोडला," ती म्हणाली, आणि काही लागलं तर असावा म्हणून आपला फोन नंबर देऊन निघाली.

मोहीम संपली, मार्लिस घरी आली. जूनी तिला बिलगली, रसनं अंगणात मांस भाजलं, सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. पण ढग गडगडले की जूनी टेबलाखाली जाऊन कुजबुजायची.

"कुणाशी बोलतेस गं?"

"हिच्याशी. हिला वादळात एकटं आवडत नाही." मग कान देऊन ऐकल्यासारखं करून म्हणायची, "हिला घरी जायचंय, आई. मीपण जाऊ?"

मार्लिसनं तिला टेबलाखालून ओढून जवळ घेतलं. त्याच आठवड्यात क्लीटाचा फोन आला.

"वादळं येऊन गेली, पोरी, पण माझ्याकडे कुणी आलं नाही. माझी म्हणायला तेवढीच होती गं... आणून सोड तिला."

रस हसला. "शास्त्रज्ञ म्हणवतेस आणि भुतं पोचवायला निघालीस?" पण ती ऐकणार नव्हती. सकाळी जूनी अजून अंथरुणात असतानाच तिनं गाडी काढली.

दुपारी क्लीटा तळघरात बाकावर बसली. मार्लिस शेजारी उभी राहिली, दार लोटून घेतलं, अंधारात हात पुढे केला. "जा, बाळा... घर आलं तुझं."

बराच वेळ काहीच नाही. मग क्लीटाचा हुंदका ऐकू आला, रडण्याचा की हसण्याचा कळेना.

"आली गं, आली! धरलाय हात... अगं बाई, आज किती उबदार आहे!"

मार्लिस पायऱ्या चढून उन्हात आली. छातीवरचा दगड उतरला होता. परतीच्या वाटेवर कितीतरी दिवसांनी तिनं गाणं गुणगुणलं. पेट्रोल भरायला थांबली, तेवढ्यात रसचा फोन आला.

"निघालात का दोघी? जूनीनं काही खाल्लं का? सकाळी न्याहारी न करताच गेली."

"काय म्हणतोस? ती तर झोपली होती, रस."

"थट्टा नको करूस हं. मी खिडकीतून पाहिलं ना. तू तिचा हात धरून तिला गाडीत बसवलंस..."

फोनमधून रस हाका मारत राहिला. तिला तळघरातली ती गारठलेली बोटं आठवली, आणि क्लीटाचे शब्द: आज किती उबदार आहे! मार्लिसनं सावकाश मान वळवली. मागची सीट रिकामी होती. पण पट्टा लावलेला होता. लहान मुलाच्या छातीवरून गेल्यासारखा तो हवेतच ताणला होता, आणि श्वासागणिक हळूहळू वरखाली होत होता.