सोळाशे साठची नायिका

नगरच्या कॉलेजच्या जिन्यात अंबिकानं गोरक्षला पाहिलं आणि ती पायरीवरच थबकली. त्याला मिशी नव्हती.

इंग्रजीच्या तासाला वर्षभर हा मागच्या बाकावरून तिच्याकडे बघत होता, बोलला मात्र कधी नव्हता. आणि कोल्हारच्या शेतकऱ्याचा मुलगा मिशी उतरवतो ती एकाच कारणानं... बाप गेल्यावर.

पुढे काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. भर जिन्यात तिनं त्याचा हात धरला.

"एकटे समजू नका स्वतःला," ती म्हणाली. "मी... मी आहे ना."

गोरक्ष गारच पडला. "पन झालंय काय?"

"तुमचे वडील... कधी गेले?"

"आप्पा? काल घरी गेल्तो, तवा उसाला पानी धरत हुते."

अंबिकानं चटका बसल्यासारखा हात सोडला. "मग मिशी?"

"नाटकापायी," तो खाली बघत म्हणाला.

इंग्रजीच्या सरांनी स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहिली होती. सोळाशे साठ सालचं लंडन. बंद पडलेली नाटकं पुन्हा सुरू होतात, आणि जिथं बायकांची कामं पुरुषच करायचे तिथं पहिल्यांदा एक बाई उभी राहते आणि एक सरदार तिचा हात मागतो. नगरात एकही मुलगी तयार होईना, म्हणून ती बाई गोरक्ष करणार होता.

"बाप जिता असताना मिशी काढली म्हून आप्पा घरात घ्यायचे न्हाईत."

"मग काढलीत कशाला?"

"सर तुमाला प्रॉम्प्टिंगला बसवनार हायेत. म्हनलं, तेवढाच तुमचा आवाज कानाशी..."

अंबिका थक्क झाली. मग लाजली. आणि मग तिला असा राग आला म्हणता! जवळजवळ तीनशे वर्षं उलटली, एकोणीसशे अठ्ठेचाळीस साल उजाडलं, तरी पहिली नटी म्हणून मुलगाच?

"ते काम मी करते," ती म्हणाली. वडील अण्णा, म्हणजे विष्णुपंत मास्तर, तिचं कॉलेजच बंद करतील याची तिला खात्री होती.

"आन तुमच्या घरी?"

"तुम्हाला आप्पा घरात घेणार नाहीत, मला अण्णा बाहेर पडू देणार नाहीत. फिटंफाट झाली." ती दोन पायऱ्या उतरली, थांबली. "त्या नटीचा हात मागणारा सरदार कोण करतंय?"

"आपल्या वर्गातला श्रीमंत."

"त्याला प्रॉम्प्टिंगला बसवा."

गोरक्षला जिन्याचा कठडा धरावा लागला.