खालची दांडी

परवा तीन, काल दोन आणि आज एकदम नऊ! उरलेले दिवस असे वाढतात का हो कधी? पण चंद्रावरच्या वस्तीत, जेवणघराच्या भिंतीवरच्या पाटीवर सकाळी नऊ उजळला आणि दहा वर्षांची वल्लरी आजोबांना बिलगली.

पृथ्वीवरून येणारं यान किती दिवसांनी पोचणार, ते ही पाटी सांगायची. सौरवादळामुळे (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या माऱ्यामुळे) बोलणं बंद पडलं होतं. यानाकडून रोज फक्त एक आकडा यायचा. त्या यानातल्या औषधसाठ्यात आईला लागणारं औषधही होतं. आई तापाने फणफणली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी काल स्पष्टच सांगितलं होतं, "औषधाविना फार तर तीन दिवस."

"यान लांबलं, आजोबा," वल्लरी हुंदके देत म्हणाली. "आता आई नाही वाचणार."

आजोबा वस्तीतले सगळ्यांत जुने शास्त्रज्ञ. एरवी एक विचारा, तीन उत्तरं तयार. पण या वेळी आजारी होती ती त्यांची एकुलती एक लेक. "मी हात टेकले गं, पोरी," ते चष्मा पुसत म्हणाले.

रडून रडून डोळे सुजले, तरी वल्लरीची नजर पाटीवरून हटेना. "आजोबा, हा नऊ लंगडा आहे. खालची दांडी पेटलीच नाहीये."

"जळाली असेल मेली! इथे एक वस्तू धड नाही." पण सवय कुठे जाते? डोळे पुसता पुसता आजोबा सांगू लागले. "आकड्यात सात दांड्या असतात. प्रत्येक दांडी म्हणजे एक एलईडी (वीज मिळताच उजळणारा इवला दिवा). पाटीतल्या चिपला दोन, तीन काही कळत नाही. तिला दर दांडीसाठी हुकूम लागतो. एक म्हणजे पेट, शून्य म्हणजे विझ. दर वेळी सात हुकूम कोण देत बसणार? म्हणून लायब्ररी (एकदाच लिहून ठेवलेल्या हुकमांचा संच) असते. आपण म्हणायचं, 'दाखव दोन.' लायब्ररी आपल्या तक्त्यात बघते, दोनच्या दांड्या कुठल्या, आणि तेवढ्याच पेटवते."

"आणि ही लायब्ररी लिहिली कुणी?"

"तुझ्या आईनेच. आजारी पडायच्या आदल्या दिवशी."

वल्लरीने लॅपटॉप जोडला आणि हुकूम दिला, 'सगळ्या पेटव.' झकास आठ उमटला, खालच्या दांडीसकट!

"दांडी जळाली नाहीये! तिला हुकूमच मिळाला नव्हता."

"असेना का. नऊ तो नऊच," आजोबा कण्हले.

तिने हुकूम दिला, 'दाखव नऊ.' पाटीवर चक्क इंग्रजीतला 'पी' उमटला.

"अरेच्चा! हे काय भलतंच?" आजोबा ताडकन उठले.

वल्लरीने तक्ता उघडला. सर्वांत वर आईने लिहून ठेवलं होतं, 'वलीने मराठी आकडे विसरू नयेत म्हणून.' तिला एकदम आठवलं. परवाच पाटी बसवताना आई हसून म्हणाली होती, "वले, यात तुझ्यासाठी एक गंमत आहे."

वस्तीत सगळीकडे इंग्रजी आकडे, त्यामुळे ही पाटीही सगळ्यांनी तशीच वाचली. सात दांड्यांत दोन आणि तीन दोन्ही लिप्यांत सारखेच दिसतात, मग कळणार कसं? पण आजचा आकडा वेगळा होता. वर गोल, उजवीकडून खाली शेपटी. आणि मघाचा 'पी' हाच खरा मराठी ९.

"आजोबा, हा नऊ नाही. हा आपला १ आहे! यान उद्या येतंय!"

आजोबा लहान मुलासारखे रडले. "गाढव आहे मी! तुझ्या आईचा हात धरून हा एक मीच गिरवून घेतला होता. आणि मलाच वाचता येऊ नये?"

वल्लरी आईच्या खाटेपाशी धावली, पण आईने डोळे उघडले नाहीत. वल्लरी तिच्या तळहातावर बोटाने १ काढत राहिली. "एकच दिवस, आई. एकच."

दुसऱ्या दिवशी पाटीवर शून्य उजळलं. शून्य दोन्हीकडे सारखंच, ते वाचताना कुणी चुकलं नाही. आईचा हात अजून तापलेलाच होता. तेवढ्यात वस्तीचं बाहेरचं दार खडखडलं, आणि वल्लरी औषध आणायला तिकडे धावत सुटली.